तांगीनं फक्त समुद्रावरून पाहिलेले दिवे

१८ ऑक्टोबर, शनिवार

माझ्या सुनेला, सेव्हरीनला, वेड लागलंय. सुट्टीत दीपस्तंभ बघायचे म्हणते! एनोराच्या शाळेला तुसाँची, सर्व संतांच्या सणाची, सुट्टी लागली, आपण तिघी जाऊ, म्हणाली — आधी आपला एकम्युलचा दिवा, मग कोंकार्नोचं मासेमारीचं संग्रहालय, मग सें-मात्यूचा दिवा, तिथून बोटीनं वेसाँ बेट. स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच सांगितलं. अंगातला कोटसुद्धा काढला नाही.

मी म्हटलं, "दिवे बघायला जायचं कशाला? दिवेच आपल्याकडे बघतात. रोज रात्री. खिडकीतून."

"तांगी हे सगळे नावानिशी ओळखायचा," ती म्हणाली. "पण समुद्रावरून. एकावरही चढला नाही कधी. 'एकदा उन्हाळ्यात तुम्हा सगळ्यांना जमिनीवरून दाखवतो,' असं दरवर्षी म्हणायचा. मला वर जाऊन बघायचंय. तो जिथून बघायचा, ते."

म्हणायचा! ती आता असंच बोलते त्याच्याबद्दल. होता, करायचा, म्हणायचा. फेब्रुवारीत त्यांच्या ट्रॉलरचं जाळं तळाला अडकलं आणि बोट उलटली. दोघे खलाशी मिळाले, जिवंत. तांडेल आणि माझा पोर तांगी — नाही मिळाले. हेलिकॉप्टर घिरट्या घालून घालून परत गेलं. सप्टेंबरात कोर्टानं सेव्हरीनला कागद दिला की तो वारला. कोर्टाला काय ठाऊक? कोर्ट तिकडे कँपेरला बसतं, गावात, छपराखाली. मी त्या दिवशी गेले नाही. कुणी विचारलं तर सांगते, तांगी समुद्रावर आहे. यात खोटं काय आहे?

शेवटी हो म्हटलं. एनोरानं गळ्यात हात टाकले म्हणून. "मामगोज, तू नाही आलीस तर आई गाडीत रडत बसेल." सात वर्षांची पोर! ती मला आमच्या ब्रेटन भाषेत आजी म्हणते, मामगोज. आणि तिचं ऐकून सूनही तेच म्हणायला लागली. त्याआधी सगळं मादाम, मादाम. लिओंची ती. नदीकाठची. वीस वर्षांची होईतो समुद्र पाहिला नव्हता तिनं. आणि माझ्या पोरानं नेमकी तीच शोधून काढली!

१९ ऑक्टोबर, रविवार

दनीझ कुंपणावरून म्हणते, "सुनेबरोबर सहल? तू? चार दिवसांत दोघींपैकी एक कड्यावरून खाली!"

म्हटलं, "माझे बूट घट्ट आहेत."

२० ऑक्टोबर, सोमवार

चढले एकदाची. जन्म गेला एकम्युलच्या उजेडात, पण त्याच्या पायरीला पाय लागला नव्हता. घरच्या दिव्यावर कोण चढतं! जिना गोल गोल, संपता संपेना. भिंतीला गुळगुळीत फिकट निळ्या फरश्या, दवाखान्यासारख्या. गुडघे बोलायला लागले. मध्ये एका वळणावर भिंतीला टेकून उभी राहिले तर सेव्हरीन म्हणाली, "खाली जायचं का?" मी म्हटलं, "मेले तर इथंच ठेवा, खर्च वाचेल." हसली नाही. मीही असं बोलायला नको होतं.

वर वारा असा की गालफडं हलतात. माझं छप्पर दिसलं. चर्च दिसलं. दनीझची अंगणातली दोरी दिसली, तिच्या ढगळ चड्ड्या फडफडत होत्या — अख्ख्या फ्रान्सला सलाम! एनोरा इतकी हसली की तिला उचक्या लागल्या.

सेव्हरीन मात्र दुसऱ्या बाजूला जाऊन उभी. कठड्याला दोन्ही हात. "कुठं, मामगोज?"

"काय कुठं?"

"तुम्हाला माहितीये काय ते."

हात उचलला मी. अर्धाच उचलला गेला. म्हटलं, "इथून नाही दिसत ते."

खरं म्हणजे बोट उलटली ती जागा सरळ समोरच आहे. स्वच्छ हवेत तिथं मासेमारी करणाऱ्या बोटी मोहरीएवढ्या दिसतात. आज हवा स्वच्छ होती.

परतीच्या फेरीला तो फोन करायचा — "एकम्युल दिसला!" एवढंच. की मी बटाटे उकडायला टाकायचे. लग्नानंतर तो फोन तिला जायला लागला. मी काही बोलले नाही. बोलले, पण एकदाच. तिच्या ते अजून लक्षात आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

कोंकार्नो. तटबंदीच्या आत संग्रहालय. जुनी जाळी, सार्डिनचे डबे, काचेच्या पेटीत छोट्या छोट्या होड्या. माझ्या आईसारखा उंच जाळीदार टोप घातलेल्या बायांचे फोटो, कारखान्यात मासे साफ करताना. एनोरा विचारते, "मामगोज, यातली तू कुठली?" म्हातारी दिसते, पण इतकी नाही गं बाई!

मागच्या बाजूला पाण्यात खरा ट्रॉलर बांधून ठेवलाय. आत उतरता येतं. मी नको म्हणत होते. सेव्हरीन उतरली तशी मागोमाग उतरले — ती वाऱ्यावर निघाल्यासारखी चालली होती, तिला एकटीला सोडवेना.

खाली खलाशांची झोपायची जागा. फळ्यांची खोकी, भिंतीत कोंबल्यासारखी. चाळीस वर्षं माझा नवरा पेर असल्या खोक्यात झोपला. मग तांगी. आणि मी आजवर एकदाही पाहिलं नव्हतं. बायकांनी बोटीवर पाय ठेवू नये म्हणायचे, आणि आम्हीही कधी हट्ट धरला नाही. कूस बदलायला जागा नाही हो तिथं! तांगी लहानपणी सगळ्या पलंगभर पसरून झोपायचा. पाय एकीकडे, डोकं एकीकडे.

मी हे बघत होते तेवढ्यात सेव्हरीन दोरी ओलांडून त्या खोक्यात शिरली. बुटांसकट. आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

वरून संग्रहालयाचा माणूस वाकला. "मादाम, तिथं झोपायला परवानगी नाही—"

"तिला चक्कर आलीये," मी म्हटलं. "पोटुशी आहे." तोंडात आलं ते ठोकून दिलं!

तो बिचारा पाणी आणायला पळाला. मी खोक्याच्या कडेला उभी राहिले, दुसरं कुणी उतरलं तर दिसू नये म्हणून. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं. ठेवला नाही. शेवटी तिचं तिचं उठणं झालं. जिना चढताना म्हणाली, "पोटुशी? खरंच, मामगोज?" आणि हसायलाच लागली. हसता हसता मग दुसरंच.

एनोरा धक्क्यावर आइस्क्रीम खात होती. तिला काही कळलं नाही. बरं झालं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाऊस. कुठंही गेलो नाही. तव्यावर काळ्या पिठाचे पातळ क्रेप घातले. सेव्हरीननं दोन खाल्ले — मोजत बसले नव्हते, पण फेब्रुवारीनंतर प्रथमच ताट रिकामं पाहिलं तिचं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

सें-मात्यू. फ्रान्सचं टोक. पडक्या मठाच्या भिंती, छप्पर उडालेलं, खांबांमधून आभाळ — आणि त्याला चिकटूनच पांढरा दिवा, लाल टोपीचा. संतांनी आणि खलाशांनी एकच जागा पसंत केली, म्हणजे जागेत काही असणार. वर मी गेले नाही. गुडघ्यांनी नकार दिला. त्या दोघी गेल्या, मी खाली मठात दगडावर बसले. पलीकडे समुद्रात गेलेल्या खलाशांचं स्मारक आहे, आत त्यांचे फोटो लावलेत. तिकडे मी पाठ करून बसले.

एनोरा आधी उतरली, धापा टाकत. माझ्या मांडीवर बसली. "मामगोज, लिओंला दोन नद्या आहेत, माहितीये? माझ्या नव्या शाळेच्या खिडकीतून एक दिसते. पण भरती-ओहोटी नसते तिला."

"कुठल्या नव्या शाळेच्या?"

पोरीनं तोंडावर हात ठेवला.

म्हणून ही सहल! म्हणून हे लाड! आधी सासूला दिवे दाखवायचे, मग अंधारात ठेवून जायचं. सेव्हरीन खाली आली तेव्हा मी उभी होते. म्हटलं, "सामान केव्हा बांधलंस?"

ती पांढरीफटक पडली. "तुम्हाला आज सांगणार होते."

"आज काय तारीख आहे?"

"नोकरी मिळालीये. तीन तारखेपासून. माझ्या बहिणीच्या घराजवळ जागा—"

"आणि तो आला म्हणजे? कुलपाला विचारायचं का त्यानं?"

मठात चार-दोन लोक होते. सगळे थांबले. सेव्हरीननं एनोराला जवळ ओढलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मामगोज, असं नका बोलू. पोरीसमोर नका."

मुक्कामाला ल कोंकेला आलोय, शेजारशेजारच्या खोल्यांत. जेवणावर आम्हा दोघींत एक शब्द नाही. मिठाची डबीसुद्धा एनोराकरवी.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

परत जाते म्हणणार होते, पण तिकिटं काढलेली होती आणि एनोरा माझा हात सोडत नव्हती. बोटीनं वेसाँ. बेटाजवळच्या प्रवाहात बोट अशी आपटायला लागली की निम्मे प्रवासी हिरवे. सेव्हरीन पहिली. नदीकाठची! मी पलीकडे तोंड करून बसले. बसवेना. जाऊन तिचे केस मागं धरले, पिशवी धरली, कोरडा पाव चघळायला दिला. "बोलू नकोस," म्हटलं, "मी अजून रागावलेलीच आहे."

"हो," ती पिशवीत म्हणाली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी क्रेआकचा दिवा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. त्याच्या पायथ्याला दीपस्तंभांचं संग्रहालय. जुन्या दिव्यांची भिंगं मांडलीत — माणसाहून उंच, काचेची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. आत अंधार ठेवलाय. भिंगासमोर उभं राहिलं की आपलं तोंड दहा ठिकाणी दिसतं आणि एकही धड नाही. एनोरा त्यात जीभ काढून बघत पुढं पुढं गेली.

सेव्हरीन माझ्याशेजारी येऊन बाकावर बसली. मी उठले नाही.

"मला एकम्युलवरच सांगायचं होतं. मग कोंकार्नोत. जमलं नाही."

"पोरीला जमलं."

"मी त्याला सोडून जात नाहीये, मामगोज."

"मग?"

समोरच्या भिंगाकडे बघत बोलली, माझ्याकडे नाही. "तो पहाटे बंदरावरून यायचा ना, तेव्हा गाडी वळली की दिव्यांचा उजेड आमच्या भिंतीवरून सरकत जायचा. कपाटापासून दारापर्यंत. मग इंजिन बंद. मग बूट काढल्याचा आवाज. — आता एकम्युलचा उजेड तसाच जातो. कपाटापासून दारापर्यंत. दर वेळी मी उठून बसते. दर वेळी. रात्रभर."

"पडदे लाव."

"लावले. मग पडद्यामागून वाट बघते."

माझ्याही भिंतीवरून जातो तो उजेड. मला वाटायचं, आमच्या पेनमार गावात मी एकटीच जागी असते. दोन गल्ल्या पलीकडे ती — आणि मी तिच्याबद्दल काय काय मनात आणलं! कागद घेतला, भरपाईचे पैसे घेतले, रडून मोकळी झाली...

दुपारी गावातल्या दफनभूमीत गेलो. मीच म्हटलं जाऊ म्हणून. वेसाँची रीत मला लहानपणापासून ऐकून माहीत होती. इथं समुद्रात गेलेल्याचा देह मिळाला नाही की मेणाचा एवढासा क्रूस करायचे, घरी त्याच्याशेजारी रात्रभर बसायचे, जणू माणूसच निजलाय, आणि मग त्या क्रूसाला मूठमाती. प्रोएला म्हणतात. म्हणजे घरी परत आणणं. सगळे क्रूस एका छोट्या दगडी घरात ठेवलेत, दफनभूमीच्या मधोमध. वीतभर मेण! आई-बायकांना तेवढंही पुरायचं.

एनोरानं विचारलं, "यात माणसं आहेत?"

"नाही. त्यांची नावं."

"मग माणसं कुठायत?"

"समुद्रात."

तिनं आत डोकावून पाहिलं. मग, "बाबासारखी?"

सेव्हरीननं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असणार, आता म्हातारी काहीतरी बोलणार — समुद्रावर आहे, येईल, कागदावर विश्वास ठेवू नको. मलाही तसंच वाटलं होतं.

मी म्हटलं, "हो. तुझे बाबा गेले, पोरी."

आठ महिन्यांत हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं. निघालं, आणि आभाळ पडलं नाही. एक कावळा भिंतीवरून उडाला. एनोरानं मान हलवली, जणू तिला केव्हाचं ठाऊक होतं, फक्त मला ठाऊक व्हायची वाट बघत होती. सेव्हरीननं मागून धरलं. दगडाला टेकून दोघी उभ्या राहिलो आणि मी रडले — घाण, मोठ्यानं, नाक गळत, बाजारातल्या बाईसारखी. रडू दे म्हटलं. या बेटाला सवय आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज घड्याळं तासभर मागं केली. एक तास जास्त. मागितला होता कुणी!

परतीची बोट शांत. सेव्हरीन माझ्या खांद्यावर झोपली. खांदा दुखला. हलवला नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

तिच्या घरी खोकी भरायला गेले. तांगीचे कपडे कपाटात तसेच. ती म्हणाली, "हे तुम्ही ठेवा." मी म्हटलं, "अर्धे अर्धे." वाटणी केली. भावकीत जमिनीची करतात तशी — हा तुला, हा मला. निळ्या शर्टावरून जरा ओढाताण झाली! मग तिनं मला दिला. मग मी तिला दिला. शेवटी एनोरा म्हणाली, "मी घेते, रात्री घालायला," आणि घेऊन गेली.

मोठं सामान मागाहून ट्रकनं जाईल म्हणे.

१ नोव्हेंबर, शनिवार

तुसाँ. सगळं गाव शेवंतीच्या कुंड्या घेऊन दफनभूमीत. मी दरवर्षी पेरसाठी एकच घेते. चाळीस वर्षं समुद्रानं त्याला सोडलं आणि तंबाखूनं पलंगावर गाठलं. या वर्षी दोन घेतल्या. दुकानातून रस्त्यानं दोन्ही हातांत दोन कुंड्या धरून चालत गेले, सगळ्यांसमोरून. कुणी विचारलं नाही. दनीझनंसुद्धा नाही — तिनं नुसतं फाटक उघडून धरलं. दनीझ, जिच्या जिभेला हाड नाही!

थडग्यापाशी गेले तर सेव्हरीन आधीच तिथं, एनोराला घेऊन. कोटाखाली काहीतरी लपवून. बघते तर तिनंही तांगीसाठी एक कुंडी आणलेली. मला राग येईल म्हणून मी यायच्या आत ठेवून जाणार होती!

"तीन झाल्या," मी म्हटलं. "पेरला फुलांनी शिंका यायच्या."

तिघी हसलो. दफनभूमीत. मागं नोटरीची बायको उभी होती, तिनं ओठ आवळले. आवळू दे.

परत येताना मी म्हटलं, "जा तू. मनात काही ठेवून जाऊ नकोस."

"मामगोज—"

"फक्त पोरीला पोहायला शिकव. त्या नदीत का होईना. पेरला येत नव्हतं, तांगीला येत नव्हतं. शिकवलंच नाही आम्ही. पोहता येणारा जास्त वेळ मरतो, असं म्हणायचे आमच्याकडे." थांबले. "मीही म्हणायचे."

तिनं माझा दंड धरला तो घरापर्यंत सोडला नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

कँपेरहून सकाळची गाडी. सेव्हरीननं घट्ट मिठी मारली, माझी टोपी पडली. एनोरा खिडकीच्या काचेला नाक चपटं करून. गाडी सुटली तरी मी हात वर करून हलवतच राहिले, डावीकडून उजवीकडे, मोठा — धक्क्यावरून बोटीला करतात तसा. फलाटावर असं कुणी करत नाही. निरोप द्यायचा म्हणजे आम्हाला तेवढंच येतं.

रात्री फोन आला, पोचल्या. एनोरा म्हणे उद्याच्या शाळेचे कपडे घालूनच झोपलीये.

घर गप्प आहे. पण झोप येतेय. डोळे मिटताहेत. लिहायला लाज वाटते.

३ नोव्हेंबर, सोमवार

सापडला.

सकाळी दोन पोलीस आले होते. सेव्हरीनच्या दाराला कुलूप बघून इकडे वळले. मागच्या महिन्यात कुठल्याशा ट्रॉलरच्या जाळ्यात आलं होतं, दातांवरून आता खात्री झाली म्हणे. तिचा लिओंचा नंबर मागत होते. मी म्हटलं, "सून आहे माझी. मी सांगते."

आज एनोराचा नव्या शाळेतला पहिला दिवस. शाळा सुटली की करीन फोन. तोवर तांगी माझा एकटीचा.